सर्जरी करावी की बिनसर्जरीचा उपाय? इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोट, नाक, केस, कान, चेहरा यांबद्दल इंदूरच्या मराठी घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. हे वाचून प्रत्यक्ष तपासणी मात्र टाळू नये.

१. सर्जरीच लागेल की इंजेक्शन किंवा मशीनवर भागेल, हे आपल्याला कसं कळणार?

आधी तक्रार नेमकी कशाची आहे ते ओळखा: कातडी जादा झाली आहे, चरबी साठली आहे, स्नायू सारखा आवळला जातो आहे, गालाचा भराव ओसरला आहे, की रंग बदलला आहे? लोंबणारी जादा कातडी कुठल्याही मशीनने नाहीशी होत नाही, ती कापूनच काढावी लागते. स्नायूमुळे पडणाऱ्या आठ्यांवर बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन), बसलेल्या गालांवर फिलर (भराव घालणारं इंजेक्शन) आणि डागांवर मलम, पील (रसायनाने वरची कातडी सोलणं) किंवा लेझर चालतं. डागांच्या बाबतीत सुरीचं कामच नाही. चरबीसाठी मात्र दोन्ही वाटा खुल्या आहेत, म्हणून जाहिरातींची सगळी मारामारी तिथेच दिसते.

घरी तीन गोष्टी करून बघा. आरशासमोर चेहरा सैल सोडा. भुवया उंचावल्यावरच दिसणाऱ्या आठ्या बोटॉक्सने जातात. चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या कोरीव आठ्या कमी होतात, पुसल्या जात नाहीत. मग उताणं झोपून आरसा वर धरा. उभं असताना ओघळलेला गाल झोपल्यावर जागेवर जात असेल तर तो ढिलेपणा आहे. त्यात फिलर भरत गेलं तर चेहरा सुजल्यासारखा दिसतो, वर मात्र उचलला जात नाही. शेवटी पोटाची चिमूट घ्या. चिमूट पातळ आणि सुरकुतलेली असेल तर प्रश्न कातडीचा आहे, जाड असेल तर चरबीचा. पोट गोल, टणक आणि चिमटीत काहीच येत नाही, असं असेल तर चरबी आत आतड्यांभोवती आहे. तिथवर लायपोसक्शनही (नळीने चरबी ओढून काढणं) पोचत नाही आणि फॅट फ्रीझिंगही (मशीनने चरबी गोठवणं) नाही. त्याला आहार, व्यायाम आणि रक्तातली साखर तपासणं हेच उपाय.

२. बिनसर्जरी म्हणजे धोका नाही, असंच ना?

नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. कातडी पांढरी पडते किंवा तिच्यावर जाळीसारखे निळसर पट्टे उमटतात, सहन न होणारी कळ येते. क्वचित एका डोळ्याची दृष्टी जाते. हायालुरोनिक ॲसिडचं फिलर हायालुरोनिडेज या इंजेक्शनने विरघळवता येतं, पण ते ताबडतोब द्यावं लागतं. म्हणून टोचून घेण्याआधी सरळ विचारा: 'हायालुरोनिडेज इथे आत्ता ठेवलेलं आहे का?' उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून यावं.

बोटॉक्समुळे पापणी खाली आली तर ती काही आठवड्यांत आपोआप सावरते. लेझरची ऊर्जा आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला जास्त झाली तर काळे चट्टे महिनोन्महिने राहतात. फॅट फ्रीझिंगनंतर क्वचित त्या जागची चरबी कमी होण्याऐवजी वाढून घट्ट होते, आणि मग ती काढायला लायपोसक्शनच करावं लागतं.

३. पण स्वस्त तर पडतं?

पहिल्या पावतीपुरतं. बोटॉक्सचा परिणाम ३ ते ४ महिने टिकतो, म्हणजे सतत ठेवायचा तर वर्षाला तीन वेळा, पाच वर्षांत पंधरा वेळा. फिलर जागेनुसार ६ ते १८ महिने. केसांच्या पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग वेगळा काढून डोक्यात टोचणं) तीन-चार सत्रं आणि पुढेही अधूनमधून एखादं. तेव्हा पाच वर्षांचा हिशेब कागदावर मांडूनच तुलना करावी. याची दुसरी बाजूही खरी आहे: आवडलं नाही तर बोटॉक्स सोडून देता येतं, सर्जरीचा व्रण सोडून देता येत नाही.

बोटॉक्सचा भाव युनिटवर विचारा, 'एका भागाचे इतके' यावर जाऊ नका. भुवयांमधल्या आठ्यांना मूळ ब्रँडची साधारण २० युनिटं लागतात, डोळ्यांच्या दोन्ही कडांना मिळून २४. वेगळ्या ब्रँडची युनिटं एकास एक धरता येत नाहीत. बाटली आपल्यासमोर उघडली जावी, फ्रीजमधून यावी, आणि तिच्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर आपल्या कागदावर लागावं.

४. डॉक्टर खरा की नुसतं दुकान, हे कसं ओळखायचं? एबी रोडवर तर बोर्डच बोर्ड आहेत.

बोर्डावरची इंग्रजी अक्षरं वाचा. सर्जरीसाठी एमसीएच किंवा डीएनबी, आणि तेही प्लास्टिक सर्जरीतलं. बोटॉक्स, फिलर, लेझर, पीलसाठी त्वचारोगातलं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर प्लास्टिक सर्जन. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' किंवा 'एस्थेटिक एक्सपर्ट' या पदव्या नव्हेत. नोंदणी क्रमांक मागा आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. केसांच्या प्रत्यारोपणाबद्दल आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की रीतसर शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच ते करावं. कार्यशाळा करून किंवा व्हिडिओ पाहून शिकलेलं चालत नाही.

पहिल्या भेटीत हे विचारा: ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का? भूलतज्ज्ञ कोण? रात्री काही झालं तर कुठल्या आयसीयूत नेणार? संमतिपत्र इंग्रजीत असेल तर हिंदीतलं मागा आणि घरी नेऊन वाचा. त्याच दिवशी ॲडव्हान्स भरायला लावणाऱ्या 'आजच्या ऑफर'कडे पाठ फिरवावी. सवलतीची घाई दुकानाला असते, तुमच्या पोटाला नसते.

५. दोन सिझेरियन झाली, पोट लोंबतं. बेल्ट, व्यायाम सगळं झालं. आता काय?

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात, त्या सुट्या करून बघाव्या लागतात. पहिली, चरबी. दुसरी, ताणून सैल झालेली कातडी. तिसरी, मधोमध फाकलेले पोटाचे स्नायू. ते असे तपासा: उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर मधोमध बोटांची टोकं शेजारी-शेजारी ठेवून दाबा. मध्ये दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील तर स्नायू फाकलेले आहेत. फिजिओथेरपीने हे बऱ्याच जणींचं सुधारतं, म्हणून आधी सहा महिने नेमाने तेच करावं. बेल्टने आधार मिळतो, फट मिटत नाही.

फट रुंद राहिली आणि कातडीही लोंबत असेल तर टमी टक हाच उपाय. त्यात स्नायू शिवतात, जादा कातडी काढतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत येतो, साडीखाली झाकला जातो पण जात नाही. पूर्ण भूल, ड्रेनच्या (आत साठणारं पाणी बाहेर काढणाऱ्या) नळ्या, काही दिवस कमरेत वाकून चालणं, ४ ते ६ आठवडे जड उचलणं बंद. लहान मूल कडेवर घेणंही त्यात आलं, तेव्हा सासूबाई किंवा आई घरी राहायला येणार आहे की नाही हे तारीख ठरवण्याआधी बघा. आणखी मूल हवं असेल तर थांबा, कारण पुढच्या गरोदरपणात शिवलेले स्नायू पुन्हा ताणतात. बेंबीचा हर्निया असेल तर सोनोग्राफीत तो नोंदवून घ्या, विम्यात उपयोगी पडतो (प्र. १३).

६. मग फॅट फ्रीझिंग की लायपोसक्शन?

वजन कमी करायला दोन्ही नाहीत. वजन किमान सहा महिने स्थिर असावं आणि चरबी एखाद्या ठिकाणीच हट्टाने बसलेली असावी. फ्रीझिंगमध्ये चिमटीत येणाऱ्या जागेची चरबी साधारण २० ते २५ टक्के कमी होते आणि फरक दिसायला २ ते ३ महिने लागतात. लायपोसक्शनमध्ये एकदाच आणि जास्त निघते, पण भूल लागते आणि नंतर ४ ते ६ आठवडे घट्ट कपडा घालावा लागतो. इंदूरच्या मे महिन्यात तो घालून बघा म्हणजे लोक थंडीची तारीख का मागतात ते कळेल. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त काढणं मोठ्या जोखमीत मोडतं आणि त्यासाठी रुग्णालयात राहावं लागतं. थंडीने अंगावर गांधी उठत असतील तर फ्रीझिंग करू नये. कातडी आधीच सैल असेल तर दोन्हींनी ती जास्तच लोंबेल, तेव्हा प्र. ५ वाचा.

७. मुलगा १५ वर्षांचा आहे, छाती वाढली आहे, पोहायला जायला लाजतो. ऑपरेशन करावं का?

बहुतेकांच्या बाबतीत वाट बघावी. वयात येताना बऱ्याच मुलांना हे होतं आणि वर्ष-दोन वर्षांत ओसरतं. त्या काळात डॉक्टरांकडून वृषण तपासून घ्यावेत आणि हार्मोन व थायरॉइडच्या तपासण्या कराव्यात. काही औषधांनी आणि जिममधल्या स्टेरॉइड मिसळलेल्या पावडरींनीही छाती वाढते, म्हणून मुलाला एकट्याला विचारा, बाबांसमोर नको. दोन वर्षांत फरक नसेल आणि अठराव्या वर्षाच्या आसपास वाढ स्थिरावली असेल तर सर्जरीचा विचार होतो. स्तनाग्रामागे रबरासारखी चकती लागत असेल तर ती ग्रंथी आहे. ती कापून काढावी लागते, फ्रीझिंगने हलत नाही. एकाच बाजूला कडक गाठ असेल तर वय कितीही असो, वाट न बघता दाखवा.

८. वय २४, कपाळ मागे सरकतंय. लगेच हेअर ट्रान्सप्लांट केलं तर बरं ना?

घाई इथे सगळ्यात महागात पडते. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस हीच आयुष्यभराची शिल्लक, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती मर्यादित असते. चोविसाव्या वर्षी ती कपाळ खाली आणायला उधळली आणि पस्तिशीत माथा मोकळा झाला, तर पुढे एक पट्टी आणि मागे मैदान, असं दिसतं. आधी डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल ५ टक्के आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यास फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, किमान सहा महिने. सुरुवातीच्या आठवड्यांत केस जास्त गळतात, घाबरून तेव्हाच सोडू नये. औषध बंद केलं की फायदाही जातो. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांना लैंगिक त्रास होतो, ते आधी नीट विचारून घ्या. गरोदर स्त्रीने फुटक्या गोळीला हातही लावू नये.

ट्रान्सप्लांटनंतर लावलेले केस दोन-तीन आठवड्यांत गळतात, ३ ते ४ महिन्यांनी पुन्हा उगवतात, पूर्ण निकाल ९ ते १२ महिन्यांत दिसतो. बाकीचे मूळ केस टिकवायला औषध चालूच ठेवावं लागतं. 'एका दिवसात कितीही ग्राफ्ट' (म्हणजे रोपायचे केसांचे पुंजके) म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

९. नाकाचा बाक फिलरने दहा मिनिटांत सरळ होतो म्हणतात. खरं का?

दिसायला होतो. फिलर भर घालतं, काहीच कमी करत नाही. बाकाच्या वर-खाली भरून रेषा सरळ भासवतात, पण नाक मोठंच राहतं. शिवाय चेहऱ्यावरच्या फिलरच्या जागांमध्ये नाक सर्वांत जोखमीच्या जागांपैकी एक आहे, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात (प्र. २). नाक लहान करायचं, टोक उचलायचं किंवा श्वासाची अडचण दूर करायची असेल तर सर्जरीच. मुलींसाठी साधारण १६ आणि मुलांसाठी १७-१८ वर्षांनंतर. टोकाची सूज पुरती उतरायला वर्ष लागतं. चष्मा ४ ते ६ आठवडे नाकावर टेकवायचा नाही. नथीसाठी नाक टोचायचं असेल तर सर्जनला विचारूनच. लग्नापुरती दाबाची नथ मिळते.

१०. कानाची पाळी झुमक्यांनी फाटली. पार्लरमध्ये टाक्याशिवाय जोडून देतात, करावं का?

हा प्रश्न सासवा आणि सुना दोघी विचारतात. फाटलेल्या भोकाच्या कडांवर आतून कातडी चढलेली असते, म्हणून त्या नुसत्या दाबून चिकटत नाहीत. पार्लरवाले तीव्र ॲसिड लावून ती कातडी जाळतात आणि कडा चिकटवतात. त्वचारोगतज्ज्ञ भोक फक्त मोठं झालेलं असताना मोजून असंच करतात, पण पूर्ण फाटलेल्या पाळीला हे टिकत नाही. बेअंदाज लावलेल्या ॲसिडने पाळी भाजते, काळी पडते, पुन्हा फाटते, आणि दुसऱ्यांदा शिवायला कातडी कमी उरते.

सर्जरी तरी कितीशी? जागेवरच भूल, सुमारे अर्धा तास, कडा खरवडून ताज्या करून टाके घालायचे, ७ ते १० दिवसांनी टाके काढायचे. नवं भोक ६ ते ८ आठवड्यांनी, व्रणावर नाही तर त्याच्या शेजारी. पुढे जड कुड्या घालायच्या तर वेल लावा, म्हणजे वजन केसांवर जातं. आधी कुठे टोचल्यावर किंवा कापल्यावर गाठ येऊन वाढत गेली असेल (केलॉइड), तर हे पहिल्याच भेटीत सांगा. छाती, खांदा आणि कान या त्याच्या आवडत्या जागा. अशांना शिवल्यानंतर स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि दाबाची पट्टी लागू शकते.

११. वांग आणि रंगासाठी लेझर की गोरेपणाची इंजेक्शनं?

दोन्हीपैकी काहीच आधी नाही. वांगावर लेझर मारून तो उलट गडद झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. आधी रोज सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहऱ्याला दोन बोटांच्या लांबीइतकं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. मग डॉक्टरांनी दिलेलं मलम, तेही त्यांनी ठरवलेल्या मुदतीपुरतं. मेडिकल स्टोअरमधून स्टेरॉइड मिसळलेलं 'गोरं करणारं' मलम महिनोन्महिने लावलं की चेहरा पातळ, लाल आणि केसाळ होतो. ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनला रंग उजळवण्यासाठी मान्यता नाही.

१२. तुळशीच्या लग्नानंतर घरात लग्न आहे. काय कधी करायचं?

तारखेपासून उलट मोजा. हेअर ट्रान्सप्लांट आणि नाक एक वर्ष आधी. लायपोसक्शन ४ ते ६ महिने आधी. नको असलेल्या केसांचं लेझर ८ ते १० महिने आधी सुरू, कारण दर ४ ते ६ आठवड्यांनी एक अशी ६ ते ८ सत्रं लागतात. सावळ्या कातडीला एनडी-याग या प्रकारचं लेझर मशीन तुलनेने सुरक्षित. फिलर निदान महिनाभर आधी. बोटॉक्स ३ ते ४ आठवडे आधी, कारण पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो आणि काही सुधारायचं तर वेळ उरतो. हलका पील दोन-तीन आठवडे आधी, आणि तोही पूर्वी करून पाहिलेला असेल तरच. सोलवटलेल्या कातडीला हळद लावायची नाही.

मार्चमधल्या लेझर आणि पीलच्या तारखा रंगपंचमी उलटल्यावरच घ्या. ताज्या कातडीवर गेरीतला (रंगपंचमीच्या मिरवणुकीतला) रंग आणि राजवाड्यावरचं ऊन, दोन्ही डाग पाडतात.

१३. विमा मिळतो का? बिलात जीएसटी का लागतो?

केवळ दिसण्यासाठी केलेली सर्जरी विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीय गरज सिद्ध झालेल्या गोष्टी बसू शकतात. म्हणून नाकाचा पडदा वाकडा असणं, बेंबीचा हर्निया, पापणी लोंबून दृष्टी झाकणं हे तपासणीच्या कागदावर आधी यायला हवं, आणि कंपनीची पूर्वमंजुरी लेखी हवी. एकाच वेळी दोन्ही कामं होत असतील तर बिलं वेगळी मागा. उपचारांना जीएसटीतून सूट आहे, पण हेअर ट्रान्सप्लांट आणि कॉस्मेटिक सर्जरीला नाही. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरची दुरुस्ती याला अपवाद. अशा दुरुस्तीसाठी एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एकदा मत घ्यावं.

१४. मुंबईला जाऊन करावं का? भावाकडे राहता येईल.

मोठ्या सर्जरीसाठी जाण्यात गैर नाही, पण परतीचं रात्रीच्या 'अवंतिका' एक्स्प्रेसचं तिकीट तिसऱ्या दिवसाचं काढू नका. टमी टक किंवा मोठ्या लायपोसक्शननंतर रात्रभर एका जागी बसून-पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. ड्रेन निघून पहिली तपासणी होईपर्यंत, साधारण १० ते १४ दिवस, तिथेच राहा. निघण्याआधी इंदूरमधल्या एखाद्या सर्जनशी बोलून ठेवा, कारण दुसऱ्याचं काम बिघडल्यावर हातात घ्यायला बरेच जण तयार नसतात.

१५. साखर आहे, वजन कमी करायचं इंजेक्शन चालू आहे, गुटखाही सुटत नाही. चालेल?

तिन्ही गोष्टी सांगाव्याच लागतील. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८ च्या वर असेल तर बहुतेक सर्जन पुढची तारीख देतात. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड या वजनाच्या इंजेक्शनांनी पोट हळू रिकामं होतं. नेहमीइतकं, म्हणजे जेवण ६ तास आणि साधं पाणी २ तास आधी बंद ठेवूनही अन्न आत राहू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं. इंजेक्शन कधी थांबवायचं हे भूलतज्ज्ञ ठरवतील. तंबाखू, बिडी, गुटखा किमान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि शिवलेली कातडी काळी पडून मरते. टमी टकमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल आणि काढे यांची यादी लिहून न्या. हृदयासाठी दिलेलं ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका.

१६. मुलगी तासन् तास आरशापुढे असते, आम्हाला तर नाकात काहीच दिसत नाही. करून दिलं की शांत होईल का?

बहुधा नाही. इतरांना न दिसणारा दोष सतत तपासणं, झाकणं, फोटो टाळणं, कॉलेज बुडवणं ही शरीररूपाच्या भ्रमाच्या आजाराची लक्षणं असू शकतात. त्यात सर्जरीनंतरही समाधान होत नाही, तक्रार दुसऱ्या जागी सरकते. आधी मानसोपचारतज्ज्ञ. उलट बाजूने, नवरा किंवा होणारं सासर 'करून घे' म्हणतंय आणि बाईला स्वतःला नको आहे, अशा वेळी चांगला सर्जन तिच्याशी एकटीशी बोलतो आणि नकार देतो. १८ वर्षांखाली आई-वडिलांची संमती लागतेच, पण मुलाची स्वतःची इच्छाही हवी.

१७. केलं आणि बिघडलं. आता लगेच पुन्हा दुरुस्ती करावी का?

आधी तातडीचं वेगळं काढा. फिलरनंतर पांढरी किंवा जाळीदार कातडी, दिसणं अंधुक होणं, पोटरीत दुखून एकाच पायाला सूज, धाप लागणं, ३८ अंश सेल्सिअसवर ताप, टाक्यांतून पू किंवा अचानक वाढणारी एका बाजूची सूज: यात तास मोजायचे, दिवस नाहीत. रविवार असला तरी इमर्जन्सीत जा.

बाकीच्यात वाट बघावी लागते. नाकाची दुसरी सर्जरी वर्षभरानंतर, लायपोसक्शनचा खडबडीतपणा सहा महिन्यांनी पारखावा, व्रण पिकायला १२ ते १८ महिने. फिलर विरघळवल्यावर पुन्हा भरायला किमान दोन आठवडे थांबा. पूर्वी भरलेलं फिलर कायमस्वरूपी असेल तर ते हायालुरोनिडेजने विरघळत नाही, आणि नाव नसलेलं असेल तर विरघळेलच असं नाही. त्यावर नवं काही टोचण्याआधी सोनोग्राफी करून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना पहिल्यांचे कागद लागतात. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणीच्या पत्राच्या प्रतीवर तारखेसह पोच घेऊन ठेवा.